ऑपेराच्या बोर्डावर बसू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: अमेरिकेतल्या एका मध्यम शहरात राहणाऱ्या, आयटीत नोकरी करणाऱ्या, पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या या वाचक. लहानपणी पुण्यात नाट्यसंगीत शिकल्या. अमेरिकेत आल्यावर ऑपेराची गोडी लागली आणि आता कित्येक वर्षं त्या गावातल्या ऑपेरा कंपनीचं सीझन तिकीट घेतात. कंपनीने त्यांना बोर्डावर, म्हणजे कारभार पाहणाऱ्या मंडळावर, यायचं निमंत्रण दिलं आहे. अट अशी की तीन वर्षं, दर वर्षी दहा हजार डॉलर एकतर स्वतः द्यायचे, नाहीतर ओळखीच्यांकडून आणायचे. कंपनी दोन वर्षं तुटीत आहे. वरची बाल्कनी अर्धी रिकामी असते आणि खाली 'सगळी पांढरी डोकी'. यजमानांचं मत पक्कं आहे: जी कला तिकिटावर जगत नाही, तिला आपण का जगवायचं? मुलगी दोन वर्षांनी कॉलेजला जाईल. शिवाय मनात एक सल आहे, 'मला माझ्यासाठी बोलावलंय की बोर्डाच्या फोटोत एक भारतीय चेहरा हवा म्हणून?' ताजा कलम: महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणींना पहिल्यांदा ऑपेराला न्यायचं तर काय दाखवावं?

उत्तर:

नमस्कार.

तुमच्या यजमानांपासून सुरुवात करते, कारण पत्रातलं सगळ्यात ठाम वाक्य त्यांचं आहे. "मराठी नाटक बघ. नाही चाललं की निर्माता बंद करतो, कुणापुढे झोळी पसरत नाही." ऐकायला चोख आहे. पण आजचं मराठी नाटक कसं उभं राहतं ते जरा जवळून बघा. एक सेट, चार-पाच पात्रं, रेकॉर्ड केलेलं पार्श्वसंगीत. नाट्यगृह बहुतेक गावांत महापालिकेचं, त्यामुळे भाडं बाजारभावाचं नाही. नव्या नाटकांना राज्य सरकारचं अनुदान. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ, म्हणून तर कितीतरी नाटकांची पहिली रांग बरोबर पाचशेवर थांबते. एवढं असूनही नटांची नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, आणि बसचं भाडं सुटलं की निर्माता देवाला हात जोडतो. झोळी आहेच. ती सरकारच्या दारात पसरलेली असते, म्हणून आपल्या डोळ्यांवर येत नाही.

आणि ज्या काळात रंगमंचावर खरे शालू, झुंबरं आणि ऑर्गन-सारंगीची साथ होती त्या काळाचं काय? गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. पाठीशी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय, समोर वन्समोअर घेत पहाटेपर्यंत बसणारा प्रेक्षक. ८ जुलै १९२१ ला बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' केलं, त्याच्या तिकिटांसाठी मुंबईत झालेल्या झुंबडीच्या कथा अजून सांगितल्या जातात. आणि त्याच सुमारास मंडळीच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. थिएटर भरलेलं असणं आणि पेटी भरलेली असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यजमानांना आपल्याच घरच्या उदाहरणावरून पटेल.

ऑपेराचं तर जन्मापासून असंच चालू आहे. व्हेनिसमधल्या सान कास्सियानो थिएटरने १६३७ मध्ये तिकीट काढून कुणालाही आत सोडायला सुरुवात केली. तेव्हाही गावातली बडी घराणी बॉक्स वर्षावर भाड्याने घेत आणि तो पैसा हा मोठा टेकू असे. लंडनमध्ये १७१९ साली हँडेल या नामवंत संगीतकाराच्या ऑपेरांसाठी सरदार-उमरावांनी भागभांडवल घालून रीतसर कंपनी काढली. नऊ वर्षांत, १७२८ ला, ती बसली. हँडेलसारखा माणूस हाताशी असून! तेव्हा तुमच्या गावातल्या कंपनीला दोन वर्षं तूट आली एवढ्यावरून कारभारी नालायक आहेत असं मी म्हणणार नाही. तूट कशामुळे आली आणि ती कुठल्या खिशातून भरली, हे मात्र नक्की विचारीन.

पुच्चीनीचा 'ला बोएम' घ्या, १८९६ चा. तुम्ही तो पाहिलाच असणार. दुसरा अंक म्हणजे नाताळच्या आदल्या रात्री पॅरिसमधल्या मोम्यूस कॅफेबाहेरची गर्दी. मोठ्यांचा कोरस, मुलांचा कोरस, फेरीवाले, वेटर, शेवटी रंगमंचावरून वाजत जाणारा लष्करी बँड. एवढी माणसं, त्यांचे कपडे, त्यांच्या तालमी, मुलांना सांभाळणारे वेगळे, आणि अंक संपतो वीसेक मिनिटांत. १८९६ ला जेवढी माणसं लागत होती जवळजवळ तेवढीच आजही लागतात. मोबाइल दर वर्षी स्वस्त करता येतो, मोम्यूसची गर्दी कशी करणार? व्हायोलिनवाल्यालाही घरभाडं आजच्या दराने भरायचं असतं. बॉमोल आणि बोवेन या प्रिन्स्टनच्या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये हेच नीट मांडून दाखवलं: बाकीच्या उद्योगांत उत्पादकता वाढते आणि पगार वाढतात, मैफिलीत उत्पादकता वाढत नाही पण पगार वाढवावेच लागतात, म्हणून तिकीट आणि खर्च यांतली दरी रुंदावत जाते.

तुमच्या कंपनीएवढ्या आकाराचं एक ढोबळ गणित मांडू. आकडे माझ्या मनातले आहेत, खरे तुम्हाला कागदांत मिळतील. बाराशे खुर्च्या, पाऊण थिएटर भरलेलं, सरासरी तिकीट सत्तर डॉलर. एका रात्रीचे त्रेसष्ट हजार. तीन प्रयोगांचे एक लाख एकोणनव्वद हजार. आता साठेक वादक, चाळीसेक कोरस, बाहेरून आणलेले मुख्य गायक, त्यांची हॉटेलं, तीन आठवड्यांच्या तालमी, विंगेतल्या कामगारांचा ओव्हरटाइम, भाड्याने आणलेलं नेपथ्य आणि थिएटर, सगळं धरून खर्च सहज सहा-सात लाखांवर जातो. तिन्ही रात्री हाउसफुल झाल्या तरी हे भागत नाही. त्यामुळे रिकामी बाल्कनी बघून तुमचा जीव खालीवर होतो ते मी समजू शकते, पण ती भरली की कंपनी वाचेल हा हिशेब चुकीचा आहे.

वरचे पैसे कुणीतरी द्यायचेच. जर्मनीत बहुतांश भार राज्य आणि शहरं उचलतात, म्हणून तिथे मध्यम गावातही बारमाही ऑपेरा असतो. सरकारवर विसंबण्यातही धोका आहेच: नोव्हेंबर २०२२ मध्ये इंग्लंडच्या आर्ट्स कौन्सिलने इंग्लिश नॅशनल ऑपेराचं वर्षाला सव्वा कोट पौंडांच्या आसपासचं नियमित अनुदान थांबवून लंडनबाहेर जायला सांगितलं आणि हलकल्लोळ उडाला. अमेरिकेत सरकारी पैसा नाममात्र. तिथे देणगीदार आणि एंडोमेंट, म्हणजे मुद्दल न मोडता व्याजावर चालवायचा कायम निधी. तुमचे दहा हजार म्हणजे या व्यवस्थेतला रोजचा दाणापाणी आहे. त्याला दयाधर्म समजू नका.

आता खरी काळजी. न्यूयॉर्क सिटी ऑपेराची गोष्ट बोर्डावर बसणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. १९४३ ची संस्था, महापौर ला गार्डियांनी तिला 'जनतेचा ऑपेरा' म्हटलं होतं, तिकिटं परवडणारी. २००८-०९ मध्ये थिएटरच्या नूतनीकरणासाठी जवळजवळ अख्खा सीझन बंद राहिला. त्याच काळात युरोपातून मोठ्या नावाचे संचालक, जेरार मोर्तिए, आणायचं ठरलं होतं. कबूल केलेलं बजेट मिळेना म्हणून ते रुजू व्हायच्या आधीच गेले. प्रेक्षकाला एका वर्षात दुसरीकडे जायची सवय लागली. मधल्या काळात बोर्डाने कायम निधीतून कोट्यवधी डॉलर काढून देणी भागवली. मुद्दल गेलं, मग व्याज गेलं, २०११ ला लिंकन सेंटर हे तिचं राहतं कलासंकुलही सोडावं लागलं. सप्टेंबर २०१३ मध्ये लोकांकडून ऑनलाइन दहा लाख डॉलर मागितले, तीन लाखांच्या आसपास जमले, आणि ऑक्टोबरमध्ये संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे त्याच नावाने कुणी पुन्हा उभी केली, पण ती जुनी संस्था गेली ती गेली.

याच्या अगदी उलट सान दिएगोत घडलं. तिथल्या ऑपेराने जवळजवळ तीन दशकं जमाखर्च जुळवत आणला होता. तरी मार्च २०१४ मध्ये, पुढे दिवस वाईट आहेत, सन्मानाने मिटवू, असं म्हणून बोर्डाने ३३ विरुद्ध १ मतांनी कंपनी बंद करायचं ठरवलं. कर्मचारी, गायक, गावकरी खवळले. लोकवर्गणीतून वीस लाख डॉलरांवर रक्कम जमली, बोर्डातले बरेच जण बाहेर पडले, उरलेल्यांनी निर्णय फिरवला, आणि कंपनी आटोपशीर होऊन आजही चालते आहे. मला यात त्या एका विरोधी मतापेक्षा तेहेतीस मतांचं जास्त नवल वाटतं. चांगली शिकलेली, यशस्वी माणसं, आणि पर्याय किती तपासले असतील कुणास ठाऊक. पण लोकांच्या वर्गणीला अर्थ आला तो हिशेब पाण्याखाली गेलेले नव्हते म्हणून. न्यूयॉर्कच्या त्या मोहिमेला वाचवायला तळाशी काही उरलंच नव्हतं.

म्हणून हो-नाही ठरवण्याआधी कागद बघा. अमेरिकेत अशा ना-नफा संस्थांचा फॉर्म ९९०, म्हणजे करखात्याला दिलेलं वार्षिक विवरणपत्र, सार्वजनिक असतो, इंटरनेटवर फुकट मिळतो. किमान तीन वर्षांचे उतरवून घ्या आणि कंपनीकडे ऑडिट रिपोर्ट मागा. सगळे तक्ते वाचायची गरज नाही. पुढच्या सीझनच्या तिकिटांचे पैसे या सीझनच्या बिलांना जातायत का, हे सगळ्यात आधी बघा. तुम्ही वसंतात भरलेले सीझन तिकिटाचे पैसे खरं तर शरद ऋतूतल्या प्रयोगांसाठी राखलेले असायला हवेत. ताळेबंदात तेवढी देणी दिसतायत आणि बँकेत तेवढी रोकड नाही, तर कंपनी उद्याचं आज खातेय. दुसरं, कायम निधीतून दर वर्षी किती उचललं जातं. चार-पाच टक्के ही रूढ मर्यादा. नड एकदा येऊ शकते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरानेही कोविडनंतर निधीतून तीन कोट डॉलर काढायचं ठरवलं आणि नंतर आणखी काढले. पण मेटचं वर्षाचं बजेट तीस कोट डॉलरांवर आहे आणि मागे बड्या देणगीदारांची फळी आहे. लहान कंपनीला एवढा श्वास रोखता येत नाही. तिसरं, एकाच घराण्याच्या किंवा एकाच वयोवृद्ध दात्याच्या चेकवर किती अवलंबून आहेत. हा प्रश्न मीटिंगमध्ये विचारायला अवघड वाटेल. अध्यक्षांशी एकट्याने बोलताना विचारा.

'पांढरी डोकी' हा तुमचा शब्द. तुम्ही स्वतः ऑपेराकडे वळलात त्या वयात तुमच्या बरोबरीच्या किती जणी होत्या? ही आवड पुष्कळांना उशिरा, मुलं मोठी होऊ लागली की लागते, त्यामुळे केस पांढरे दिसले म्हणजे ओळ संपत आली असं नाही. मेटमध्ये कोविडनंतर सुटी तिकिटं घेणाऱ्यांचं सरासरी वय बरंच खाली आलंय, पन्नाशीवरून चाळिशीच्या मध्यावर. गोम पुढे आहे. तरुण माणूस सुटं, स्वस्त तिकीट काढतो, तेही शेवटच्या आठवड्यात. सीझन तिकीट घेणारे आणि देणग्या देणारे अजून मागच्याच पिढीतले आहेत. नवा प्रेक्षक आला म्हणजे नवा पैसा आला असं लगेच होत नाही, मधली दहा-पंधरा वर्षं कुणीतरी ओढून न्यावी लागतात. ऑपेरा फिलाडेल्फियाने २०२४ मध्ये हे उघड मान्य केलं. नवे संचालक अँथनी रॉथ कोस्टान्झो, स्वतः काउंटरटेनर म्हणजे बायकांच्या पट्टीत गाणारे गायक, यांनी प्रत्येक खुर्ची अकरा डॉलरपासून पुढे, ज्याला जेवढं जमेल तेवढं, अशी ठेवली. थिएटरं भरली, आणि तिकीट घेणाऱ्यांत पहिल्यांदा येणाऱ्यांचा मोठा भाग होता. तिकिटाचा बजेटमधला वाटा मुळातच लहान असल्याने नुकसान आटोक्यात, आणि भरलेल्या थिएटरकडे बोट दाखवून देणगीदारांकडे जाता येतं. दर गावात हे जमेल असं नाही, मागे देणगीदार उभे असतील तरच हा खेळ खेळता येतो. पण तुमच्या बोर्डाने यावर चर्चा तरी केली का, हे विचारण्यासारखं आहे.

भारतीय चेहऱ्याबद्दल. हो, तेही कारण असणार. आणि तुमचा पगारही. बोर्डावर माणसं घेताना संस्था पैसा, ओळखी आणि समाज बघतेच, शेजारच्या खुर्चीवरच्या वकिलालाही त्याच्या फर्ममुळे बोलावलेलं असतं. अपमान तिथे सुरू होतो जिथे चेहरा हवा असतो पण प्रश्न नको असतात. ते तपासायचा मार्ग सोपा आहे: वरचे कागद मागा आणि उत्तर कसं येतं ते बघा. दुसरी शक्यता अशी की त्यांना वाटतंय, तुम्ही आलात की गावातले पाचशे भारतीय मागोमाग येतील. ती जबाबदारी अंगावर घेऊ नका. भारतीय विषय लावला की भारतीय येतात, हा समज मला तरी भाबडा वाटतो. फिलिप ग्लासचा 'सत्याग्रह' गांधींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या दिवसांवर आहे, गातात तो भगवद्गीतेतला संस्कृत मजकूर. अफाट कृती आहे. पण तेच स्वर संथपणे फिरत राहतात, आणि नाट्यपदाच्या चालीवर वाढलेला नवखा श्रोता मध्यंतरात गाडीची किल्ली शोधू लागला तर मी त्याला दोष देणार नाही.

आता पैशांचं, स्पष्टच. तीन वर्षांचे तीस हजार मुलीच्या कॉलेजच्या खात्यातून किंवा रिटायरमेंटच्या पैशातून जाणार असतील, तर उत्तर नाही आहे. ऑपेरा तीस हजारांनी तरणार नाही, मुलीला मात्र तेवढंच कर्ज वाढेल. 'इतरांकडून आणायचे' हा पर्याय सोपा दिसतो, तो तसा नाही. ज्या मैत्रिणीकडे तुम्ही ऑपेरासाठी चेक मागाल ती उद्या तिच्या भजनी मंडळासाठी, शाळेसाठी, देवळासाठी तुमच्याकडे येणार, आणि तेव्हा तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. ओळखीच्या वर्तुळातली देवघेव संपत नसते. घरात बसून, यजमानांसमोर, दर वर्षी गेले तरी जाणवणार नाहीत एवढे किती, तो आकडा आधी ठरवा. तो दोन हजार असेल तर दोन हजार.

माझा सल्ला असा: या वर्षी बोर्डाला नम्रपणे थांबवा आणि त्यांच्या अर्थसमितीत किंवा शिक्षणसमितीत एक वर्ष काम करायची तयारी दाखवा. बोर्डाबाहेरची माणसं समितीत घेण्याची पद्धत अनेक संस्थांत आहे. तुम्ही आयटीतल्या. तिकीट खरेदीचा विदा, म्हणजे डेटा, त्यांच्याकडे पडून असणार: कोण पहिल्यांदा आलं, कोण परत आलं नाही, कोण एकदम आठवड्याआधी घेतं. पहिल्यांदा आलेला माणूस दुसऱ्यांदा का येत नाही, याचं उत्तर त्या कंपनीला तुमच्या दहा हजारांहून जास्त उपयोगी पडेल. वर्षाअखेर जमाखर्चाची नाडी तुमच्या हाताला लागलेली असेल. मग बोर्ड हवं तर घ्या, आणि आर्थिक अट कमी करता येते का ते बोला, पुष्कळदा येते. पद घेताना बोर्डाच्या सदस्यांसाठीचा दायित्व विमा (कुणी दावा लावला तर उपयोगी पडणारा) आहे ना, याची खात्री करून घ्या. तोवर जे द्याल ते देणगी म्हणून सरळ द्या. करात सवलत तिथेही मिळू शकते.

हेच पत्र थोड्या फरकाने मला सोलापूरच्या संगीत सभेच्या एका विश्वस्तांकडून आणि एका हौशी नाट्यसंस्थेच्या खजिनदारांकडूनही आलं होतं. त्यांनाही विचारायचे प्रश्न हेच: राखीव निधी मोडलाय का, पुढच्या वर्षीची वर्गणी आज खर्च होतेय का, आणि एक दाता गेला तर काय. फॉर्म ९९० ऐवजी धर्मादाय आयुक्तांकडे दिलेला हिशेब मागा.

ताज्या कलमाबद्दल. मैत्रिणींना 'कार्मेन' किंवा 'ला बोएम' दाखवा. 'बोएम' आटोपशीर आहे, मध्यंतरं धरूनही घरी वेळेत पोचता, आणि मोम्यूसची गर्दी कुणालाही आवडते. वॅग्नर पहिल्या खेपेला नको, पाच तासांनंतर मैत्री टिकायची नाही. भाषेची भीती घालवा: टोरोंटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने १९८३ मध्ये रंगमंचावर भाषांतराची ओळ झळकवायला सुरुवात केली, तेव्हापासून ती जवळजवळ सगळीकडे असते. निघण्याआधी कथानक मात्र गाडीत सांगून टाका, आपल्याकडे शेवट आधीच माहीत असलेली नाटकंच लोक पुन्हा पुन्हा बघत आलेत. तिकिटं सीझन सुरू होण्याआधी गटाने मागा, बहुतेक कंपन्या गटाला सवलत देतात. आणि बाल्कनीतली घ्या. आवाज वरच चांगला पोचतो, शिवाय तिथे जागा आहे म्हणता.